आरोग्यरक्षणार्थ

गोंदिया जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात बारला दर्शनी दार असतं ते मुख्यतः पाटी लावण्यापुरतं. गिऱ्हाईक आत शिरतं ते बाजूच्या बोळातून. तिथं दुपारी बर्फाच्या लाद्या उतरतात, रिकाम्या बाटल्यांची पोती रचलेली असतात आणि एखादी शेळी सोड्याच्या क्रेटला पाठ घासत उभी असते. मालकाला हे ठाऊक असतं. म्हणून पुढच्या दारावरचा बल्ब गेला तर आठवडाभर कुणी बघत नाही, मागचा मात्र रोज लागतो. गाव लहान. मास्तर, ग्रामसेवक, सोसायटीचा सचिव, कृषी सहायक, सगळे एकमेकांना ओळखतात आणि त्याहून पक्कं एकमेकांच्या गाड्या ओळखतात. त्यामुळे पिणाऱ्याला पहिली चिंता गाडी कुठं लावायची याची. कुणी ती देवळापुढं लावतो, कुणी दवाखान्यापुढं. देवळापुढं लावणारा जास्त हुशार. दवाखान्यापुढं लावली की दुसऱ्या दिवशी लोक तब्येत विचारायला येतात.

हे शहाणपण मला मित्राकडून मिळालं. तो स्वतः पीत नाही. तरुणपणी तो औषध कंपनीचा एमआर होता आणि भंडारा-गोंदिया-बालाघाट ही त्याची लाईन होती. दिवसभर डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसायचं, रात्री लॉजवर उतरायचं. तेव्हा रात्री नऊनंतर गरम पोळी आणि चालू पंखा एकत्र मिळायचं ठिकाण एकच. म्हणून या न पिणाऱ्या माणसाला जिल्ह्यातले बार पाठ आहेत: कुठं वरणाला लसणाची फोडणी असते, कुठला आचारी ओडिशाचा आहे, कुठं मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि कुठं त्याचा मेव्हणा. नोकरी सोडून त्यानं नागपुरात धंदा टाकला, पण मार्च लागला की त्याला घर खायला उठतं. ‘‘चाल ना बे, जुनी लाईन मारून येऊ,’’ म्हणाला. गाडी त्यानं चालवायची, प्यायचं मी, आणि प्यायलो त्याच गावात मुक्काम करायचा, अशी वाटणी झाली. दोन पिणारे बारमध्ये गेले की एकमेकांचीच तोंडं बघत बसतात. सोबत न पिणारा असला की नजर टेबलावरून उठते आणि इकडंतिकडं फिरायला लागते.

तुमसरवरून तिरोड्याला आलो. तिरोड्यात फार थांबलो नाही. तिथं ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे आणि प्रकल्पासोबत देशभरातली माणसं आली, तसा बारमधला मेन्यूही आला. टीव्हीवर भोजपुरी गाणी, भिंतीवर हिंदीत ‘उधार मांगकर शर्मिंदा न करें’. मित्राच्या ओळखीचं तिथं काहीच उरलं नव्हतं. त्यानं ताकाचा ग्लास संपवला आणि उठला.

गोंदिया शहर मात्र त्याला विसरलं नव्हतं. हे धानाचं आणि राईस मिलचं गाव, रेल्वेचं जंक्शन. हावड्याकडं, बल्लारशाहकडं, बालाघाट-जबलपूरकडं गाड्या फुटतात. बाजाराची भाषा हिंदी, घरची कुणाची मराठी, कुणाची पोवारी, कुणाची मारवाडी, सिंधी, छत्तीसगढी. बारमध्ये या सगळ्यांचं मिळून एक वेगळंच बोलणं तयार होतं. शेजारच्या टेबलावर दोन दलाल उन्हाळी धानाच्या भावावर बोलत होते. आकडे हिंदीत, शिव्या मराठीत, आणि घरून फोन आला की ‘‘हाव, येतो ना’’ झाडीबोलीत.

इथं पेग मागणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. गावचा माणूस क्वार्टर मागतो, म्हणजे पव्वा, आणि तो सीलबंद टेबलावर यायला हवा. वेटर बाटली आडवी धरून लेबल दाखवतो, गिऱ्हाईक ती उजेडाकडं धरून बघतं, मान हलवतं, मग वेटर त्याच्या डोळ्यांदेखत झाकण पिळतो. तो ‘कट्’ आवाज सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. मापावर विश्वास नाही, बाटलीवर आहे. नंतर ती रिकामी बाटली उचलायची नाही, टेबलाच्या पायाशी उभी ठेवायची. रात्री हिशेब त्या उभ्या बाटल्यांवरून होतो. वेटर वाकतो, मोजतो आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडतो. कितीही चढलेला माणूस त्या क्षणी शुद्धीवर येऊन सोबत मोजायला लागतो.

स्टीलच्या ताटलीत उकडलेले चणे, कांदा, लिंबाची फोड आणि न मागता आलेलं तिखट. माझ्यापुढं पव्वा, मित्रापुढं थम्सअप. वेटर थोडा वेळ घुटमळला आणि मग खालच्या आवाजात मित्राला म्हणाला, ‘‘साहब एक्साइज से हो क्या?’’ बारमध्ये येऊन न पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोनच शक्यता धरल्या जातात: एक तर तो खात्याचा, नाहीतर व्यसनमुक्तीवाला. मित्रानं सांगितलं, औषधाच्या लाईनचा होतो. वेटरचा चेहरा खुलला. त्याला गुडघ्यासाठी गोळी विचारायची होती.

औषध आणि दारू या दोन गोष्टी आपल्या राज्यात वाटतात तितक्या लांबच्या नाहीत. महाराष्ट्रात कायद्यानं आजही दारूबंदी आहे, असं सांगितलं तर बारमधली माणसं हसतात. पण १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम अजून चालू आहे आणि पिणाऱ्याकडं परवाना असावा लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, आयुष्यभराचा १,००० रुपयांचा. त्या परवान्यावर मद्य कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी आणि टिकवण्यासाठी, असा मजकूर असतो. ‘परमिट रूम’ हे नाव तिथूनच आलं. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर गोंदियाच्या त्या खोलीत बसलेले आम्ही सगळे प्रकृतीची काळजी घेणारे लोक होतो आणि दवाखान्यापुढं गाडी लावणाराही कायद्याला धरूनच वागत होता. विदर्भ १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि मुंबईचा हा आजारपणाचा कायदा आमच्याकडंही आला. त्यानं दारू थांबली नाही. त्यानं दारूला एक पडदा दिला, आणि तेव्हापासून सरकार, मालक, गिऱ्हाईक सगळे मिळून तो पडदा नीट ओढून धरतात.

पडदा खरोखरीचाही असतो. आमगावच्या बारमध्ये प्लायवूडच्या केबिनी होत्या, प्रत्येकीला मरून रंगाचा पडदा, पडद्याला तेलकट हातांचे ठसे. आत बसलं की माणूस दिसत नाही, फक्त पाय दिसतात. त्यामुळे पडद्याबाहेरून जाणारे लोक चपलांवरून माणूस ओळखतात. मित्रानं एका केबिनीकडं हात करून सांगितलं की त्याच्या काळात तिथं एक शिक्षक रोज एकटे बसत, एकच पव्वा दीड तास पुरवत आणि पेपरांचे गठ्ठे तपासत. घरी सहा माणसं, दोन खोल्या. त्यांना दारूपेक्षा ती केबिन हवी होती. हे मला पटलं. या गावांत वाचनालय असलं तर सहाला बंद होतं, बागेत टेबल नसतं, चहाच्या टपरीवर पाच मिनिटांपुढं बसलं की ‘काय काम काढलं?’ विचारतात. कुणी काही न विचारता तास-दीड तास बसू देईल अशी जागा शोधायला निघालं तर माणूस बारच्या बोळाशी येऊन पोचतो. फक्त त्या जागेचं भाडं यकृतातून कापलं जातं. आणि ती जागा बाईला नाही. मालक ‘फॅमिली रूम’ अशी पाटी लावतात. आम्ही पाहिलेल्या फॅमिली रूममध्ये कुठं बटाट्याची पोती होती, कुठं मालकाचा मुलगा अभ्यासाला बसला होता.

आमगावहून सालेकशाकडं निघालो तेव्हा मोहाचा बहर होता. सालेकसा म्हणजे जंगलाचा तालुका. दरेकशाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला गोंडी माणसं लांबलांबून तिथं आपल्या देवांना भेटायला येतात. मार्चअखेर पहाटे या रस्त्यानं गेलात तर प्रत्येक मोहाखाली कुणीतरी वाकलेलं दिसतं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल दिसावं. रात्रभर टपटपलेली ती फुलं पिवळट पांढरी, मांसल, हातात घेतली की चिकट. ऊन चढायच्या आत टोपल्या भरायच्या, नाहीतर गुरं आणि अस्वलं वाटेकरी होतात. घरी आणून अंगणात पसरतात; चार-पाच उन्हांत ती तांबूस होतात, मनुक्याएवढी आक्रसतात आणि सगळ्या गल्लीला आंबूस गोड वास सुटतो. हा वास आमच्या गाडीतही भरला. पण वाटेतल्या कुठल्याच बारच्या मेन्यूत मोह नाही. व्हिस्की आहे, रम आहे, व्होडका आहे. जिल्ह्यात पिकणारी एवढी एकच गोष्ट पिण्यासारखी, आणि तिला बारमध्ये प्रवेश नाही.

मित्राच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्याकडं गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं जे प्यायलो त्याला परवाना नव्हता. अंगणात बाज टाकली. म्हाताऱ्याच्या बायकोनं पळसाच्या पानाचा द्रोण आणून हातात दिला. ओतण्याआधी तिनं चार थेंब जमिनीवर सांडले, देवाचे. मग नवऱ्याला, मला आणि स्वतःला घेतलं आणि आमच्याशेजारीच टेकली. नातू खेळत होता, सून तांदूळ निवडत होती, रस्त्यानं जाणारा कुणी हाक मारून विचारपूस करून जात होता. कुठं दार नाही, पडदा नाही. मित्र घेत नाही म्हटल्यावर तिनं त्याला नुसती भाजलेली मोहफुलं दिली आणि तो कोणत्या खात्याचा वगैरे विचारलं नाही. चव सांगायची तर पहिल्या घोटाला धूर लागतो आणि मागून फुलाचा वास वर येतो. म्हातारी सांगत होती: फुलं मडक्यात भिजत घालून आंबू द्यायची, चुलीवर चढवायची, वरच्या भांड्यात गार पाणी ठेवायचं, ते तापलं की बदलायचं. जितक्या वेळा पाणी बदललं तितकी धार पातळ होत जाते. तिच्या हिशेबाला ना टक्के लागत होते ना लेबल. पाणी किती वेळा बदललं एवढं तिच्या ध्यानात होतं.

इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांतात ठेकेदाराच्या दुकानात जी देशी दारू मिळायची ती मोहाचीच असायची. आज ‘देशी’ या नावानं सरकारमान्य दुकानात जी बाटली मिळते तिच्यावर संत्र्याचं चित्र असतं, पण आतला अर्क मळीचा. मळी साखर कारखान्याची आणि साखर कारखाने बहुतेक पश्चिम महाराष्ट्रात. शेकडो मैलांवरच्या उसाची दारू सालेकशाला कायदेशीर आणि अंगणातल्या झाडाची बेकायदेशीर, या हिशेबात मला आरोग्य कुठं दिसत नाही, धंदा दिसतो. २०२१ साली राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे, वाहून नेण्यावरचे निर्बंध काढले, दारू गाळण्यावरचे नाही. आणि सीमा इथून हाकेच्या अंतरावर. छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती मोहाची दारू ठरावीक प्रमाणात गाळायची मुभा आहे. मध्य प्रदेशानं तर तिला ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरायलाही परवानगी दिली. लेक पलीकडं दिली असेल तर तिच्या चुलीवरचं मडकं सण आणि आईच्या चुलीवरचं मडकं गुन्हा.

पण मोहावर फार प्रेम करायचं नाही, हे मित्रानं परतताना बजावलं. त्यानं या भागातले दवाखाने पाहिलेत. घरची आहे म्हणून यकृत सोडून देत नाही, आणि विकायला काढलेल्या हातभट्टीत काय काय टाकतात ते सगळ्यांना माहीत आहे. ‘‘त्या आजीच्या अंगणात छान वाटलं कारण आपण दोन तास होतो. तिथल्या सुनेला विचार.’’ मी विचारलं नव्हतं.

देवरीला मुंबई-कोलकाता महामार्ग लागतो. पूर्वी याला ६ नंबर म्हणत, आता ५३. इथल्या बारची तऱ्हा निराळी. गिऱ्हाईक परक्या मुलखाचं, ट्रकवाला, त्याला कुणापासून लपायचं नसतं, म्हणून इथं पुढचंच दार चालतं. त्या दारावरच संकट आलं. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. २०,००० पर्यंत वस्तीच्या गावांना अंतर २२० मीटर केलं, पुढं जुलैत नगर हद्दीतल्या दुकानांपुरता खुलासा झाला. तोवर टेप घेऊन अंतर मोजायचा उद्योग राज्यभर चालला. सरळ रेषेत मोजायचं की पायवाटेनं, हा त्या उन्हाळ्यातला मोठा प्रश्न होता. केरळात परवूरला एका बारवाल्यानं दारापुढं वळणावळणाच्या भिंती बांधून चालायचं अंतर वाढवलं होतं, ती बातमी इथल्या मालकानं कापून ठेवली आहे. ‘‘आमीबी मागून रस्ता काढाचा इचार केल्ता,’’ तो म्हणाला. ‘‘पन मागं बांधी. धान मोडून रस्ता कोन काढंल?’’

आता त्याची तक्रार करावर होती. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूमवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० वर गेला, मग पुढच्या वाढी. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. तो म्हणाला, गिऱ्हाईक आता वाईन शॉपमधून बाटली घेतं आणि धुऱ्यावर बसून पितं, शेवचिवड्याचं पाकीट तिथंच टाकतं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटावं अशी त्याची अपेक्षा होती. थोडं वाटलंही. धुऱ्यावर बसणाऱ्याला निदान हवा तरी मिळते, हे मी बोललो नाही.

कोहमाऱ्यावरून दक्षिणेला वळून नवेगावबांध. सात डोंगरांच्या मधलं पाणी, कोहळी पूर्वजांनी बांधलेला तलाव. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते आणि मराठी वाचकाला हे रान त्यांच्यामुळं माहीत आहे. तिथं आम्ही बार शोधला नाही.

शेवटचा मुक्काम अर्जुनी मोरगाव. इथं झाडीपट्टीचं मराठी पूर्ण सुरात येतं, शिवाय फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांच्या वसाहती आणि गोठणगावजवळची १९७२ सालची तिबेटी वसाहतही याच तालुक्यात. आणि दक्षिणेला गडचिरोली, जिथं १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. म्हणजे अर्जुनी हे दारूच्या दृष्टीनं काठावरचं गाव. काठावरच्या बारमध्ये संध्याकाळी मोटारसायकली उभ्या असतात आणि त्यांच्या नंबरप्लेटवर ‘एमएच ३३’ असतं. इथं कुणी गाडी लपवत नाही. लपवायला ते गाव सोडूनच आलेले असतात. गडचिरोलीच्या बंदीमुळं खेड्यांतल्या बायांना काय मिळालं हे मी अनेकींकडून ऐकलंय आणि ते खोटं नाही. वडसा रस्त्यानं रात्री डुलत परतणाऱ्या मोटारसायकलीही खोट्या नाहीत.

मागच्या दाराशी मित्र आचाऱ्याशी बोलत उभा होता. तिथं ढिवर बाई आली, डोक्यावर जर्मनचं टोपलं, टोपल्यात मरळ आणि झिंगे. सगळ्या फेरीत बारच्या उंबऱ्याशी दिसलेली ही एकच बाई. तिनं टोपलं उतरवलं, मालकाला बाहेर बोलावलं आणि आधी मागची बाकी काढली. मालक म्हणाला, उद्या. ती म्हणाली, आत्ताच. मित्रानं सहज विचारलं, मावशी, तुमच्या गावात दुकान आहे का. होतं, ती म्हणाली, देशीचं. बायांनी मतदान मागितलं होतं. गावातल्या पंचवीस टक्के बाया मतदार सह्या करून मागणी करू शकतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात आणि निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. यादीतल्या निम्म्या, नुसत्या आलेल्यांच्या नव्हे. म्हणून रोवणीच्या दिवसांत मतदान ठेवलं की दुकान वाचतं.

‘‘तुम्ही कोणती मारली?’’

‘‘आडवी. आनखी कोन्ती?’’

‘‘आणि मासोळ्या इथं देता?’’

तिनं मित्राकडं असं पाहिलं की त्यानं उगाच खिशातून रुमाल काढला. ‘‘बाजारात पाव-पाव किलोनं मांगतेत, अन् घासाघीस करतेत. हा एकदम टोपलं घेते. नवरा माहा इतं बसत नाही, तो तं तिकडं बसते,’’ तिनं हनुवटीनं दूर कुठंतरी दाखवलं. ‘‘दुकान बंद झालं तं पेट्रोलचा खर्च वाढला त्याचा.’’ एवढ्यात मालकानं पैसे आणले. तिनं ते दोनदा मोजले, वीस रुपये कमी निघाले, ते मागून घेतले आणि मित्राला विचारलं, झिंगे पाहिजेत का, उरलेत थोडे. त्यानं नागपूरला जायचंय, खराब होतील, म्हटलं. ‘‘बर्फ मांग ना यायले,’’ ती मालकाकडं बोट करत म्हणाली, ‘‘दारूले देतेत, मासोळीले काहून नाही देनार?’’ मालकानं बर्फ दिला. त्याचे पैसे मात्र त्यानं बिलात लावले, थम्सअपच्या खाली.